मुक्कामाची गाडी

खोली आंबोळगडला घेतली, पाच रात्रींसाठी.
एक खिडकी समुद्रावर, एक गोठ्यावर.
मामंजी म्हणाले, मी गोठ्याकडची घेतो,
समुद्र रात्रभर पहिल्या गिअरमध्ये चालतो.

एकतीस वर्षं एसटी चालवली त्यांनी.
विटा-आटपाडी, विटा-मायणी, दिवाळीत पुणे जादा.
कोकणात गाडी घातली नाही कधी.
आता डोळ्यांत मोतीबिंदू, लायसन पत्र्याच्या पेटीत;
सून चालवते, ते शेजारी बसतात
नसलेल्या ब्रेकवर उजवा पाय दाबत.

रोज सकाळी घावणे वाढता वाढता
दर्शना पालशेतकर विचारते, "आज खंय?"
मी नकाशावर बोट ठेवते. ती नकाशाकडे बघत नाही.
"काजीच्या कारखान्याकडे डावी नको.
रस्तो बरो आसा, पण तो खाणीत जाता."

गेलोच एकदा.
रस्ता खरंच चांगला होता, आणि चिऱ्याच्या खाणीत संपला:
विटेविटेनं उतरवलेला डोंगर, एक ट्रक,
ट्रकच्या सावलीत डबा खाणारी चार विजापूरकडची माणसं.
मामंजी काच खाली करून त्यांच्याशी कानडीत बोलले.
त्यांना कानडी येते
हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं.
"जतचा डेपो," एवढंच म्हणाले. "रिव्हर्स घे. हळू."

देवाचे गोठण्याच्या सड्यावर
कातळात कोरलेला माणूस पडून आहे.
कुणी कोरला, कधी, नक्की कुणालाच सांगता येत नाही.
ऊन पोळत होतं, तरी मामंजींनी चपला काढल्या.

मग कशेळी, आडिवरे, पूर्णगडचा पूल,
राजापुरात पेट्रोल, आणि दर्शनाने सांगितलेला हिराचा झाडू.
कुठंही जा, संध्याकाळी त्याच गडग्यापाशी परत.
इंजिन बंद केलं की माडाखालून मांजर येतं
आणि तापल्या बॉनेटवर अंग टाकतं.

"ही आपली मुक्कामाची गाडी," मामंजी म्हणाले.
"शेवटची फेरी. रात्री गावातच झोपायचं,
पहाटेची पहिली गाडी आपलीच.
कितीतरी गावांत झोपलो गं.
एकही गाव दिवसा बघितलं नाही."

मुसाकाजीच्या धक्क्यावर दर्शनाने पलीकडे हात केला.
विजयदुर्ग, त्याच्या मागे गिर्ये.
"थंय माझा म्हायार. होडयेन इलंय मी लग्नात.
तो तांडेल गेलो, आता गाडयेन जावचा तर
दोन-अडीच तास. दिसता ता जवळ नसता."

पाचव्या दिवशी आमच्या यादीत पावस होतं.
मामंजींनी पहाटे फडक्यानं काचा पुसल्या
आणि, आयुष्यात पहिल्यांदा असेल, आपण होऊन मागे बसले.
"तू पुढं बस पोरी. घाटात मागं मळमळतं."

सुक्या बांगड्यांचा डबा मांडीवर, अबोलीचा वळेसर.
चार दिवस आम्हाला वाटा सांगणारी बाई
सगळी वाट गप्प.
माहेरचा हा रस्ता तिला माहीतच नव्हता.

गिर्यात गाडी नीट थांबायच्या आत ती उतरली.
पुढचं मी सांगत नाही, ते तिचं आहे.
मामंजी मात्र भर दुपारी गावभर हिंडले,
वाणसामानाचं दुकान, शाळा, बंद पिठाची गिरणी,
थांब्यावरचं वेळापत्रक चष्मा लावून वाचून आले.

अंधार पडला तरी निघू या असं कुणी म्हणेना.
किनाऱ्यावर दर्शनाने बोट केलं: "तो बघा,
पडवीतलो बल्ब. बंद करूक इसारलंय."
पाण्यापलीकडे एवढासा पिवळा ठिपका,
आमची भाडं भरलेली खोली,

आणि तिथं कुठंतरी अंगणात
आज गरम जागा शोधत फिरणारं
मांजर.